डोंगराच्या वहीतली दुसरी सही

अहो, तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

आम्ही सगळे श्रीरंगपट्टणला नदीकाठी तासभर उन्हात उभे होतो. इकडे बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये सकाळी उठून बघावं तर एसीच्या डब्यावर सहा-सात कावळे कोकलत असतात, आणि तिथे मेला एक आला, फांदीवर बसला, भाताकडे बघितलं आणि मान फिरवली. मग सुरू झालं सगळ्यांचं. जीव कशात तरी अडकलाय, म्हणे. तुमची थोरली अक्का पुढे झाली आणि शिल्पाला आम्ही आहोत, तू निवांत जा, असं म्हणाली. कावळा ढिम्म. मग आपल्या शिल्पाने हात जोडले, बाबा, आईला मी सांभाळीन म्हणाली. तरी ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको बोलली की शिवतोच, असं भटजींनी सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. मला तुम्हाला एकच विचारायचं होतं आणि ते चारचौघांत विचारण्यासारखं नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

विचारायचं होतं ते हे, की सात वर्षं दर शनिवारी त्या डोंगरावर तुम्ही कुणाबरोबर जात होता.

म्हणाल, मी गेलो तरी हिचं संपलं नाही. नाही संपलं. एकतीस वर्षं बँकेत मी लोकांच्या सह्या जुळवल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी शेजारी ठेवायची आणि बघायचं, हात तोच आहे की कुणी मागाहून गिरवलंय. समोरचा माणूस कितीही गोड बोलू दे, आधी सही. ही खोड घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. तुम्ही कारखान्यात ड्राफ्ट्समन. जन्मभर नकाशे काढलेत, तुमच्या कागदावर सगळं स्वच्छ. दूधवाला सांगेल ते खरं, शेजारी सांगेल ते खरं. आपल्या दोघांत एकाने तरी संशय घ्यायला हवा होता आणि ते काम माझ्या वाट्याला आलं, एवढंच.

तर तो डोंगर. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या शनिवार-रविवारी एचएसआर लेआउटवरून गाड्याच गाड्या सुटतील आणि तुमच्या कातळावर पोरं चिप्सची पाकिटं टाकतील. बेंगळुरूपासून दीड तास, ट्रॅफिक लागलं नाही तर. रेशमाच्या कोशांचा बाजार, एक तळं, एक बसस्टँड, चार हॉटेलं, संपलं गाव. आणि गावाच्या डोक्यावर तो नुसता दगडांचा डोंगर, मधल्या फटींतून झाडी, पायथ्याशी जंगल खात्याचं फाटक आणि निसर्गउद्यान अशी पाटी. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं होतं फुलं असतील, बाकं असतील. कसलं काय. दगड, करवंदाची काटेरी झुडपं आणि अस्वलांपासून सावध राहा अशी दुसरी पाटी.

रिटायर झाल्यावर तुम्ही शनिवार धरलात. पहाटे उठायचात, कॉफी करायचात, माझ्या कपावर बशी झाकून ठेवायचात आणि पहिल्या बसने जायचात. ती झाकलेली कॉफी मी सात वर्षं प्यायले आणि दर वेळी मनात म्हटलं, एवढी काळजी कशाला, काहीतरी लपवायचं असणार.

पुरावे काय कमी होते? डब्याला तुम्ही चार थालीपिठं मागायचात. घरी तुम्ही दोनाच्या वर कधी खाल्ली नाहीत. डबा परत यायचा तो पुसून काढल्यासारखा. विचारलं तर म्हणायचात, चढल्यावर भूक लागते. पाण्याच्या बाटल्या दोन. पेरूच्या दिवसांत पेरू दोन. एकदा घाई करून निघालात आणि चष्मा विसरलात, तर पिशवी उघडल्यावर मला त्यात दोन रुमाल दिसले. मग एक दिवस माझा जुना शब्दकोश कपाटातून निघून तुमच्या टेबलावर आला. माहेरून आणलेला, लग्नाआधीचा. तुम्ही आयुष्यात एक शब्द अडला म्हणून कुठलं पुस्तक उघडलं नाहीत. शब्दकोश माणूस कधी काढतो? चिठ्ठ्या लिहायला लागला की. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, सहज चाळत होतो.

मी तुमचे खिसे बघायची हेही तुम्हाला ठाऊक होतं. एकदा शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद सापडला. उघडला तर तुमच्या त्या नकाशावरच्या अक्षरात लिहिलेलं, 'काही नाही.' दुसऱ्या कुठल्या बाईला हसू आलं असतं. मी तो कागद उजेडात धरून बघितला, आधीचं काही खोडलंय का म्हणून. नंतर मात्र मी तो पर्समध्ये ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.

पण खरा संशय डोंगराआधीचा आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून तुम्ही अंगठीने नाव लिहिलंत. मी निपाणीकडची विमल शिप्पूरकर, तेवीस वर्षांची, बीकॉम झालेली. आणि तांदळात उमटलं 'मंजिरी'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. किती सराईत लिहिलं होतंत. एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच, कोण ही मंजिरी? कुणाचं नाव तुमच्या बोटात इतकं बसलेलं होतं? मी त्या रात्री विचारलं नाही, पहिल्या वर्षी विचारलं नाही. नंतर पस्तीस वर्षं विचारत राहिले. तुमचं उत्तर एकच, "सुचलं." तुमच्या अक्काला विचारलं तर ती म्हणाली, स्वल्प दिवस थांब, सवय होते. सवय झाली. रेशनकार्डावर मंजिरी, बँकेत मंजिरी, शिल्पाच्या शाळेत मंजिरी. माझे आई-वडील होते तोवर विमल म्हणणारं कुणीतरी होतं. ते गेले आणि ती हाक बंद झाली. मला पटलं नाही ते पटलं नाहीच. माझ्या विमलला काय खोट होती, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

म्हणून त्या पहिल्या शनिवारी ते झालं. मला तुम्ही हौसेने नेलं होतंत. वरच्या मोठ्या कातळावर पोचलो, समोर दुसरा कडा. तुम्ही म्हणालात, इथून हाक मारली की परत येते, बघ. आणि तोंडाशी हात धरून ओरडलात, मंजिरी. तिकडून परत आलं, मंजिरी. तुमच्या तोंडावर इतका आनंद होता. आणि माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, बघा, ओ देतेय ती, तिच्याकडेच जा. आणि तशीच उतरले. एकटी. गावात येऊन बसस्टँडवर पिंपळाच्या पाराशी बसले. सव्वा तास बसले, तुम्ही याल म्हणून. नाही आलात. मग बस लागली तेव्हा चढले. संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, सगळा डोंगर पालथा घातला तुला शोधत.

त्यानंतर दर शुक्रवारी तुम्ही विचारायचात, उद्या येतेस? आणि माझं ठरलेलं उत्तर, मंजिरीला न्या.

शेवटचं तर मला लिहवत नाही, पण लिहिते. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. सात वर्षांत तुमची एक खेप चुकली नव्हती, आणि त्या दिवशी तुम्ही उठून पुन्हा आडवे झालात. अंग जड वाटतंय म्हणालात. मी ओट्यापाशी होते. मी काय म्हटलं? मी म्हटलं, काय, भांडण झालं वाटतं तिच्याशी. तुम्ही हसलात. हसून कुशीवर वळलात. मी तुमच्या कपाळाला हात लावायला हवा होता, छातीत काही होतंय का विचारायला हवं होतं. मी कूकर लावला. रविवारी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. सगळे म्हणतात, पुण्यवान, काही त्रास नाही. मला ते वाक्य ऐकवत नाही. माझं चुकलं हो. त्याला दुसरा शब्द नाही.

अकराव्या दिवशी तुमचा फोन वाजला. शिल्पा ऑफिसला परत जायला लागली होती, व्हाइटफील्डहून यायला तिला उशीर होतो. मीच उचलला. पलीकडे कन्नडमध्ये एक माणूस. मी डोंगराच्या फाटकावरचा वॉचमन, सिद्दप्पा, असं म्हणाला. सर दोन शनिवार आले नाहीत, बरे आहेत ना? आणि मग म्हणाला, मॅडमही आल्या नाहीत.

मी विचारलं, "कोण मॅडम?"

सरांच्या बरोबरच्या, तो म्हणाला, वहीत नेहमी दोघांची नावं असतात. मी म्हटलं, मी सरांच्या घरची बोलतेय, नाव सांगा त्या मॅडमचं. मग तो घाईघाईने म्हणाला, मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, अम्मा, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, आणि फोन ठेवला. तुम्ही गेलात हे सांगायलाही त्याने मला जागा दिली नाही.

बघा, जिंकले मी. सात वर्षांचा संशय एका फोनवर खरा ठरला आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसले. शिल्पाला सांगितलं तर ती म्हणाली, आई, जाऊ दे ना, काहीही निघालं तरी तू त्याचं करणार काय? लेकरू शहाणं आहे. पण मला माहिती होतं की हे न बघता मी तुमच्यासाठी धड रडूसुद्धा शकणार नाही. एकदा बघायचं, आणि मग काय ते तुमचं श्राद्ध घालायचं. तेरावं शुक्रवारी झालं. शनिवारी सकाळी सवयीने चार थालीपिठं थापली गेली, ती डब्यात भरली आणि मी टॅक्सी बोलावली.

सिद्दप्पा तुमच्याच वयाचा निघाला, खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. मी कोण ते सांगितलं आणि तुम्ही गेल्याचंही सांगितलं. तो खुर्चीवरून उठला आणि मलाच त्या खुर्चीवर बसवलं. डोळे पुसले. सर देवमाणूस होते म्हणाला. हे सगळं खरं असेल, पण त्याचा उजवा हात टेबलावरच्या वहीवर होता, पंजा पसरून. एकतीस वर्षं मी काउंटरवर असे पंजे बघितलेत. मी म्हटलं, वही दाखवा. तो म्हणाला, खात्याच्या साहेबांशिवाय कुणाला दाखवायची नाही. मग मी म्हटलं, बरं, मला वर जायचंय, माझं नाव लिहून घ्या. आता उघडावी लागलीच. उघडल्याबरोबर मी त्याच्या हातून ओढली आणि पानं मागे उलटली.

कन्नड नावं, इंग्रजी नावं, आणि मध्ये देवनागरीत तुमचं अक्षर. तुमचं नाव, तुमची सही. त्याच्याखाली दुसऱ्या ओळीत, विमल शिप्पूरकर. पुढे सही.

पहिल्यांदा मला राग आला. खरं सांगते. डोळ्यांना नाव दिसलं आणि डोक्याने विचारलं, ही कोण? क्षणभर मी माझ्याच नावाकडे सवतीसारखी बघत होते. छत्तीस वर्षांत ते कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. मग सिद्दप्पाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी त्याला म्हटलं, जुन्या वह्या काढा. त्याने पत्र्याच्या पेटीतून दोन काढल्या. दर शनिवारी. एकही सुटलेला नाही. आत जाताना सही, बाहेर पडताना सही. मी चष्मा पुसला आणि जे काम मला येतं ते केलं. सगळ्यात जुन्या वहीतल्या सह्या खोट्या होत्या, पोरानेही ओळखल्या असत्या. माझ्या 'व'ची शेपटी लांब जाऊन मागे वळते, तुमची तिथेच थांबलेली. खालची रेघ सरळ, स्केलने मारल्यासारखी. माझी रेघ कधी सरळ नव्हती. मग मध्येच एका शनिवारपासून शेपटी वळली, रेघ तिरकी झाली, तिच्याखाली दोन टिंबं आली. मी महिना बघितला. शब्दकोश तुमच्या टेबलावर आला तोच तो. त्याच्या पहिल्या पानावर माझी कॉलेजातली सही आहे. म्हणजे तुम्ही चिठ्ठ्या लिहीत नव्हता. तुम्ही माझी सही गिरवत होता.

सिद्दप्पाने मग सांगितलं. अस्वलं आहेत म्हणून एकट्या माणसाला वर सोडायचं नाही असा नियम. आपण दोघं गेलो त्या शनिवारी फाटकावर कुणी नव्हतं, ही वही आणि हा वॉचमन त्यानंतरचे. तुम्ही पहिल्यांदा एकटे आलात तेव्हा त्याने अडवलं. तुम्ही म्हणालात, बायको मागून येतेय, सावकाश चढते, आणि दोघांची नावं लिहिलीत. तो वाट बघत राहिला, कुणी आलं नाही. पुढच्या शनिवारी तेच. मग त्याने मनाशी ठरवलं की देवळाकडच्या दुसऱ्या वाटेने कुणी बाई येत असणार, जी लोकांना दिसायला नको आहे, आणि मोठ्या माणसाच्या भानगडीत आपण पडू नये. म्हणून मी सरांच्या घरची आहे हे फोनवर ऐकून त्याची बोबडी वळली होती. आणि थालीपीठ? खाली उतरल्यावर तुम्ही डबा उघडून दोन त्याला द्यायचात. मॅडमच्या वाटणीचं आहे, म्हणायचात. सात वर्षं माझ्या हातची थालीपिठं खाऊन तो माझ्या आयुष्यात एका बाईची भर घालत बसला होता.

मी त्याला सांगितलं, ही मॅडम म्हणजे मीच. त्याने माझं आधारकार्ड मागितलं. त्यावर मंजिरी. त्याला ते इंग्रजीत वाचता आलं, आणि वहीतलं देवनागरी नाव मी त्याला वाचून दाखवलं होतंच. त्याने दोन्ही नावं ओठांत म्हणून बघितली, कार्ड परत दिलं आणि म्हणाला, "सरी, अक्का." त्या आवाजात दया होती. नवऱ्याची अब्रू झाकायला ही बाई दुसरीचं नाव स्वतःला लावतेय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी लग्नातलं ताट, तांदूळ, अंगठी सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला. आमच्यात असं नसतं, एवढंच म्हणाला.

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आता माझ्यावर घेणारा भेटला. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

वहीत आत जाण्याच्या रकान्यात मी कार्डावरचं नाव लिहिलं, त्याने तेच लिहायला लावलं. आणि नियम नियमच, म्हणून दुसरा माणूस म्हणून तो स्वतः माझ्याबरोबर चढला. गुडघे बोलत होते, पण चढले. दोन ठिकाणी दगडावर बसले. मधल्या चढावर त्याने सांगितलं की तुम्ही इथे नेहमी थांबायचात, दमलात म्हणून नव्हे, मागे वळून बघायला.

वरच्या कातळावर पोचल्यावर त्याने तुमची जागा दाखवली. समोर तो कडा, जिथून हाक परत येते. पण तुमची जागा कड्याकडे तोंड करून नव्हती. सर इकडे बसायचे, तो म्हणाला, गावाकडे. मी तिथे बसले. खाली सगळं गाव ताटात वाढल्यासारखं. तळं, कोशांच्या बाजाराचे पत्रे, हॉटेलाचा धूर. आणि बरोबर नाकासमोर बसस्टँड. पिंपळ दिसत होता, पार दिसत होता, पारावर बसलेल्या बाईच्या लुगड्याचा रंग दिसत होता.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला बघत होता. सगळा डोंगर पालथा घातला म्हणालात ते साफ खोटं. मी पारावर सव्वा तास बसले आणि सव्वा तास तुम्ही इथून बघत बसलात. पकडलं तुमचं. का नाही उतरलात? खाली आला असता, एक शब्द बोलला असता, तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? की तुम्हाला वाटलं, ही चिडलीय, बसू दे, बस आली की जाईल, आणि बस आली तेव्हा उशीर झाला? माझ्यासारख्या बाईकडे उतरून यायला धीर लागतो, हे मला कळतं. पण तुम्ही सात वर्षं तिथेच बसून त्या पाराकडे बघत राहिलात आणि घरी येऊन मला डबा धुवायला दिलात. हे भांडण अर्धं राहिलंय, लक्षात ठेवा. मी सोडणार नाही.

आणि अजून एक. नियमासाठी दुसरं नाव हवं होतं हे मला समजलं. कुणाचंही चाललं असतं. कारखान्यातल्या मित्राचं लिहिलं असतंत, नाहीतर मंजिरीचं, ती तर तुमची बायकोच, कागदोपत्री. विमलचं का? पाप वाटत होतं म्हणून? की तिलाच आणायचं होतं म्हणून? तिथे बसून मी तुम्हाला मोठ्याने विचारलं. सिद्दप्पा जरा लांब जाऊन उभा राहिला. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहिती आहे. सुचलं. बाकी काही तुमच्या तोंडून निघालं नसतं. आणि तुमची मंजिरी कोण होती, तो संशय माझा आहे तसाच आहे, हेही सांगून ठेवते.

मी रडले तिथे. तेरा दिवस लोकांदेखत जमलं नव्हतं ते जमलं. मी एवढंच म्हणत होते, यायला हवं होतं मी. एखाद्या शुक्रवारी हो म्हणायला काय जात होतं माझं? चार थालीपिठं दर वेळी मीच तर करून देत होते. दोन माझ्याच नावाची होती.

खाली आलो तेव्हा ऊन चढलं होतं. सिद्दप्पाने वही पुढे केली, बाहेर पडल्याची सही. मी पेन घेतलं आणि या वेळी त्याला न विचारता देवनागरीत लिहिलं, विमल शिप्पूरकर. आणि सही केली. लग्नानंतर पहिल्यांदा. त्याने मागचं पान उघडलं, तुमच्या शेवटच्या शनिवारची विमलची सही आणि माझी आत्ताची सही शेजारी धरली आणि दोन्हींवरून बोट फिरवलं.

"जुळत नाही, अक्का," तो हळूच म्हणाला.

मी वही माझ्याकडे वळवली. बरोबर म्हणत होता तो. माझ्या 'व'ची शेपटी मध्येच अडली होती, रेघ थरथरली होती, एक टिंब राहिलं होतं. या दोन सह्या माझ्या काउंटरवर आल्या असत्या तर मी तुमची पास केली असती आणि माझी परत पाठवली असती.

मी त्याला सांगितलं, वरच्या सगळ्या खऱ्या आहेत. ही माझी आहे, सवय गेलीय, पाच-सहा शनिवार गेले की जुळेल. आणि घरून आणलेला डबा उघडून त्यातली दोन थालीपिठं त्याच्या हातावर ठेवली.